आरसी गाडीच्या डिफचं ग्रीस घेताना मला लावलेला चुना

मुंबईत रिमोटच्या गाड्यांचा छंद असणाऱ्यांसाठी हे लिहितोय, आणि ज्यांनी नुकतीच पहिली किट जोडली आहे त्यांच्यासाठी तर खासच. ‘ओरिजिनल जपानी डिफ ग्रीस’ म्हणून सुट्या डब्या आणि ‘सिलिकॉन डिफ ऑइल’ म्हणून छोट्या बाटल्या विकणारा एक जण सध्या फिरतोय. त्याने मला साडेअकराशे रुपयांना फसवलं, आणि गाडीचं पुढचं डिफरन्शियल खराब झालं ते वेगळंच. पैशांपेक्षा मला राग याचा येतो की त्याचं गिऱ्हाईक बहुतेक कॉलेजची मुलं आहेत, पॉकेटमनी साठवून एकेक पार्ट घेणारी.

ही फसवणूक चालते कशी, हे कळायचं तर डिफमध्ये ग्रीस कशाला भरतात ते आधी बघायला हवं. वळताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं, म्हणून दोघांमध्ये बेव्हल (तिरक्या दातांच्या) गिअरची एक डबी असते. तीच डिफरन्शियल, म्हणजे आपलं डिफ. गाडी सरळ धावताना ते गिअर एकमेकांवर फिरतच नाहीत, अख्खी डबी एकत्र फिरते. वळणावर, किंवा एखादं चाक जमिनीवरून उचललं गेलं, की ते फिरू लागतात. डबीत पातळ वंगण असेल तर सगळा जोर त्या मोकळ्या चाकाकडे पळतो आणि गाडी जागेवर भिरभिरते. म्हणजे इथलं ग्रीस फक्त झीज थांबवण्यासाठी नसतं, ते गिअरना अडवण्यासाठी असतं. किती अडवायचं ते सेंटिस्टोकच्या (सीएसटी) आकड्यावर ठरतं; तेलाचा घट्टपणा त्यात मोजतात, आकडा मोठा तितकं तेल घट्ट. पाणी साधारण १ सेंटिस्टोक. १/८ मापाच्या (खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याएवढ्या) बग्गीत ३,००० ते १०,००० हे नेहमीचे आकडे. रस्त्यावर पळणाऱ्या १/१० फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या पुढच्या डिफमध्ये लोक ५ लाखांचंही तेल भरतात. फसवणारा नेमका हा आकडा खोटा लिहितो, कारण बाटलीतला पारदर्शक द्रव नुसता बघून त्याचा आकडा कुणालाच सांगता येत नाही.

माझी आणि भाच्याची गाडी टामिया या जपानी कंपनीची टीटी-०२. तिच्या किटमधल्या डिफला पक्कं सील नाही, पातळ तेल त्यातून झिरपतं. म्हणून बरेच जण त्यात तेलाऐवजी अतिशय चिकट असं अँटी-वेअर ग्रीस भरतात. तेच हवं होतं. एका ओळखीच्याकडून या माणसाचा नंबर मिळाला. दादर स्टेशनबाहेर फुलबाजाराच्या बाजूला भेटायचं ठरलं. त्याच्याकडे व्यवस्थित बॅग होती, आत झिपच्या पिशव्या, छापील लेबलं. ग्रीसची डबी आणि ५,०००, १०,०००, ५०,००० अशी लेबलं लावलेल्या तीन बाटल्या त्याने दिल्या. मी विचारलं, ग्रीस सुटं का? तर म्हणाला, “काका, मोठा डबा जपानहून मागवतो, त्यातून काढून देतो. म्हणून तर स्वस्त पडतं. डोळे झाकून घ्या.” बिल मागितलं तर म्हणाला, यूपीआयचा मेसेज हेच बिल.

ग्रीस भरून गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालवली. पहिली काही मिनिटं पुढची चाकं जड वाटली, मग एकदम मोकळी झाली. वळणावर आतलं चाक पुन्हा रिकामं फिरायला लागलं. डिफ उघडलं तर सगळं ग्रीस आतल्या भिंतीला फेकलं गेलेलं आणि गिअरचे दात जवळजवळ कोरडे. विकत घेतलेल्या डबीत उरलेलं ग्रीस दोन बोटांत धरून बोटं लांब केली. खरं अँटी-वेअर ग्रीस एकतारी पाकासारखी तार धरतं. हे मात्र तटकन तुटलं आणि त्याला गॅरेजमधल्या ग्रीसचा तो ओळखीचा वास होता. ट्रक-रिक्षांच्या बेअरिंगमध्ये भरतात ते लिथियमचं साधं ग्रीस. त्या कामाला ते उत्तमच आहे. पण गिअर त्यातून एकदा वाट कापतात आणि मग ते परत दातांकडे येत नाही. शिवाय ते खनिज तेलापासून बनतं, आणि काही प्रकारचं रबर खनिज तेलात फुगतं, म्हणजे सीलच्या रबरी ओ-रिंगांनाही धोका.

मग बाटल्यांचा संशय आला. तिन्ही सारख्या मापाच्या, वर सारखीच मोकळी जागा. एकदम उलट्या केल्या. ५०,०००च्या बाटलीतला बुडबुडा ५,०००च्या बाटलीपेक्षा साधारण दहापट वेळ घेऊन वर जायला हवा. इथे तिन्ही बुडबुडे बरोबरीने वर गेले, तेही झपकन. भाचा म्हणाला, “मामा, हे तर एकच आहे!” पाण्याच्या ग्लासात थेंब टाकला तर तो तळाशी गेला आणि ढवळल्यावर विरघळला. सिलिकॉन तेल पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, ते वर तरंगतं आणि पाण्यात विरघळत नाही. बुडणारं, विरघळणारं, घट्टसर आणि पारदर्शक म्हणजे माझ्या मते औषधांच्या दुकानात मिळणारं ग्लिसरीन. ते हवेतली ओल शोषून घेतं. मुंबईच्या पावसाळ्यात ते आणखी पातळ होणार आणि गिअर ज्यावर बसतात त्या आतल्या लोखंडी पिनला गंज चढणार.

त्याला फोन केला. आधी म्हणाला, “तुमचं डिफ लूज असेल.” मग बुडबुड्याचं सांगितल्यावर फोन उचलणं बंद.

त्याची आणखी एक युक्ती मला नंतर दुसऱ्या एका मुलाकडून कळली. बॉल डिफवाल्यांनाही (ज्यात गिअरऐवजी छोट्या गोळ्या असतात) तो एकच काळं ग्रीस ‘सगळ्याला चालतं’ म्हणून देतो. अजिबात चालत नाही. काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस थ्रस्ट बेअरिंगसाठी, म्हणजे आडवा दाब झेलणाऱ्या छोट्या बेअरिंगसाठी असतं; मोठ्या रिंगांमधल्या गोळ्यांना पारदर्शक सिलिकॉन ग्रीसच लागतं. तिथे काळं गेलं की डिफ घसरतं, रिंगा चरतात आणि नवीन सेटचा खर्च बसतो.

परदेशी मालाच्या पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश, वजन किंवा माप, कमाल किंमत आणि महिना-वर्ष छापलेलं असणं कायद्याने बंधनकारक आहे. वैध मापनाचे २०११चे नियम आहेत तसे. ही पट्टी नसेल तर बाकी बॅग कितीही नीटनेटकी असो, घेऊ नका. आकड्यापुढे सीएसटी (सेंटिस्टोक) लिहिलंय की डब्ल्यूटी (‘वेट’, घट्टपणाचं दुसरं माप), तेही बघा. शॉक अॅब्सॉर्बरच्या तेलात एका नावाजलेल्या कंपनीचं ३० डब्ल्यूटी म्हणजे सुमारे ३५० सीएसटी, त्यामुळे दोन्ही आकडे एकच समजून चालणार नाही. सीलसाठी लागणाऱ्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंगा मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवर मापानुसार सहज मिळतात, त्यासाठी ‘इम्पोर्टेड सेट’च्या नावाखाली दामदुप्पट देऊ नका.

मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. लेबलांचे फोटो, यूपीआयची पावती आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं जपून ठेवलं होतं, ते सगळं जोडलं. अजून कुणी याच पद्धतीने फसलं असेल तर त्यांनीही नोंदवा. एकट्याच्या साडेअकराशेपेक्षा दहा जणांच्या तक्रारींना वजन येतं.

आणि ज्यांनी असा माल आधीच भरलाय, त्यांनी गाडी चालवणं आजच थांबवा. डिफ पूर्ण उघडा. ग्लिसरीन असेल तर कोमट पाण्याने आणि साबणाने निघतं, मग लगेच पुसून कोरडं करा. ग्रीस असेल तर ब्रेक क्लीनरने धुवा, पण प्लास्टिकचे भाग आणि ओ-रिंगा बाजूला काढून. ओ-रिंग फुगलेली दिसली तर ती फेकाच. नवीन तेल भरताना गिअरची आडवी पिन जेमतेम बुडेल इतकंच भरा, काठोकाठ नको. तापल्यावर तेल फुगतं आणि सीलमधून बाहेर येतं. बुडबुडे वर येईपर्यंत डिफ उघडंच ठेवा. घट्ट तेलाला त्यासाठी अख्खी रात्र लागते.