खड्डा की ड्रम? कोकणात ओल्या कचऱ्याचं खत कशात करायचं

परसात जागा आहे म्हणून आपल्याकडे बहुतेक जण सरळ खड्डाच खणतात, आणि मे महिन्यापर्यंत तो मस्त चालतोही, माडाच्या आळ्याजवळ खणला की खत उचलून न्यायचीही कटकट नाही. खरा प्रश्न जूनपासून. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस, खड्ड्यात पाणी साचतं, हवा आत जात नाही आणि मग कचरा कुजायच्या ऐवजी सडतो, तो आंबूस वास पार पडवीपर्यंत येतो. खाली जांभा दगड लागला तर खोल खणणंही जमत नाही.

ड्रमला बाजूने भोकं पाडा, खाली चार विटा, वर झाकण, आणि पागोळ्यांपासून लांब ठेवा. पावसाळ्यात हाच बरा, मला तरी यात शंका नाही. फक्त सुकं लागतं, आणि भरपूर लागतं. एक भाग ओल्याला साधारण दोन भाग पातेरा (गळलेली सुकी पानं) किंवा काथ्याचा भुसा, आणि हा पातेरा एप्रिल-मेमध्येच गोणीत भरून पडवीत ठेवावा लागतो, जुलैत सुकं पान मिळणार कुठून? मूठभर घेऊन दाबलं आणि पाणी ठिबकलं तर अजून भुसा घाला.

मासळीची खवलं, आतडी, कोलंबीची सालं मात्र ड्रममध्ये नकोच, अळ्या होतात. ती उन्हाळ्यात खड्ड्यात, वर फूटभर माती घालून, नाहीतर मांजरं रात्रीत उकरतात.