फोटोवरून तलवार-परीक्षण: पात्याला पूर्ण गुण, मुठीला निम्मे

फिरंग (बहुधा युरोपीय पात्याची सरळ तलवार) आणि धोप (लांब, सरळ दख्खनी तलवार) यांच्यासाठीची ही ऑनलाइन सेवा पातं नीट वाचते. पन्हळी (पात्यावरच्या लांब खाचा) किती, कारागिराचा ठसा कुठे, गंज खोल की वरवरचा, सगळं नोंदवते. पण युरोपीय ठसा दिसला की सबंध तलवारीलाच ‘17वे शतक’ म्हणून मोकळी होते, हे मुळीच पटत नाही. चंद्रकोरीसारखे दातेरी ठसे इथल्या कारागिरांनीही मारले आहेत. शिवाय आयात पात्याला दख्खनी मूठ, तीही कितीतरी नंतरची, हे फिरंगीत नेहमीचंच. पातं आणि मूठ, दोघांचं वय वेगळं लिहायलाच हवं. पातं मुठीत बसवताना जुनी लाख वापरली आहे की आजचा एपॉक्सी गोंद, यावर अहवालात अवाक्षर नाही. त्यासाठी तलवार हातात घेणारा जाणकारच गाठा.

ठिपक्यांनी कोरलेली देवनागरी अक्षरं असतील तर त्यांचा जवळून, तिरप्या उजेडात फोटो पाठवा. बिकानेर शस्त्रागारातल्या काही तलवारींवर 1689 सालच्या अदोनीच्या (आजच्या आंध्रातला किल्ला) विजयाची अशीच नोंद सापडते. ते साल तलवार हाती लागल्याचं आहे, घडवल्याचं नव्हे. फोटोआधी पॉलिश पेपर अजिबात लावू नका. पुसट ठसे आणि पोलादातलं जोहर (पाण्याच्या लहरींसारखी नक्षी) घासलं जातं.