कोविडच्या लसी: टोचल्यापासून कितव्या दिवशी कामाला लागतात?

चाचण्यांत दिसलेलं कोविडपासूनचं संरक्षण: फायझर ९५ टक्के, मॉडर्ना ९४.१, स्पुटनिक ९१.६. हे आकडे एका रांगेत मांडले की फसगत होते, कारण प्रत्येकाची मोजणी वेगळ्या दिवसापासून सुरू झालेली आहे. फायझरने दुसऱ्या डोसनंतर ७ दिवस सोडले, मॉडर्नाने १४. स्पुटनिकने पहिल्या डोसपासूनचा २१वा दिवस धरला, म्हणजे दुसरा डोस द्यायचा तोच दिवस. म्हणून इथे एकच कसोटी लावली आहे: सुई टोचल्यापासून भरवसा ठेवता येईल असं संरक्षण कधी मिळतं?

या कसोटीवर सगळ्यात स्पष्ट उत्तर फायझरच्या मुख्य चाचणीचा आलेख देतो. पहिले दहा-बारा दिवस त्यातल्या दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून चढतात. खरी लस घेतलेले आणि नुसतं सलाईन टोचलेले सारख्याच प्रमाणात आजारी पडत असतात. १२व्या दिवसाच्या सुमारास लसवाल्यांची रेषा जवळपास आडवी होते, दुसरी चढतच राहते. दोन डोसांच्या मधल्या २१ दिवसांत लस घेतलेल्यांमध्ये ३९ रुग्ण निघाले आणि सलाईनवाल्यांमध्ये ८२, म्हणजे ५२ टक्के संरक्षण. हा आकडा इतका खाली आहे, कारण सुरुवातीचे निष्फळ दिवसही त्यात धरलेले आहेत. दुसऱ्या डोसनंतरच्या पहिल्या आठवड्यात २ विरुद्ध २१, आणि त्यानंतर ८ विरुद्ध १६२.

हे बारा दिवस कुठल्याच लसीला टाळता येत नाहीत. विषाणूचं काटेरी प्रथिन ओळखणाऱ्या बी-पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी) काखेतल्या लसिका ग्रंथींमध्ये निवडल्या जातात, वाढतात आणि मग त्यांच्या अँटीबॉडी रक्तात उतरतात. टोचलेल्या दंडाच्या बाजूच्या काखेत गाठ सुजते ती याच कामामुळे. दुसऱ्या डोसच्या वेळी पहिल्या डोसची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी तयार असतात, म्हणून तेव्हा आठवडा पुरतो. २००९च्या स्वाइन फ्लूच्या लसीचा बहुतेक प्रौढांना एकच डोस पुरला. फ्लूच्या जुन्या विषाणूंची ओळख शरीराला आधीपासून होती. लहान मुलांना ती नव्हती, त्यामुळे त्यांना दोन डोस लागले.

टोचल्यावर चौथ्या दिवशी कोविड निघाला तर दोष लसीला देऊ नका. सुरुवातीच्या विषाणूत संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच दिवस जात, कधी चौदाही. लागण बहुधा सुई टोचण्याच्या आसपासच झालेली असते, आणि या लसींमध्ये कोविड होईल असा जिवंत विषाणू नसतो.

ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. एका डोसनंतर २२व्या ते ९०व्या दिवसापर्यंत ७६ टक्के संरक्षण दिसलं, आणि ते उत्तमच म्हणायला हवं. दोन डोसांत सहा आठवड्यांपेक्षा कमी अंतर ठेवलं तर शेवटचा आकडा ५५ टक्के येतो, बारा आठवडे किंवा जास्त ठेवलं तर ८१. यावरून थांबणंच शहाणपणाचं वाटतं. पण डेल्टा हा विषाणूचा बदललेला प्रकार आला आणि एका डोसचं संरक्षण ३० टक्क्यांच्या आसपास घसरलं. दोन डोसांनी मात्र या लसीने ६७ टक्के आणि फायझरने ८८ टक्के साथ दिली. ब्रिटनने मे २०२१ मध्ये जास्त धोका असलेल्यांसाठी अंतर १२ वरून ८ आठवड्यांवर आणलं, ते याचमुळे. तो निर्णय योग्य होता. साथ चढत असताना पुढच्या महिन्यांतल्या टक्क्यांपेक्षा या आठवड्यातलं संरक्षण मोलाचं असतं.

जॉन्सनची लस एका डोसची असल्याने झटपट वाटते, तशी ती नाही. तीव्र आजारापासून संरक्षण १४ दिवसांनंतर ७६.७ टक्के, २८ दिवसांनंतर ८५.४. म्हणजे पूर्ण महिना धरावा. दुसऱ्या फेरीसाठी येण्याची शाश्वती नसलेल्यांना हीच बरी होती. कोव्हॅक्सिनचे ७७.८ टक्के दुसऱ्या डोसनंतर १४ दिवसांनी मोजलेले आहेत. डोसांत २८ दिवसांचं अंतर, म्हणजे एकूण सहा आठवडे.

कागदावरचा वेग टोचणाऱ्याच्या हातात बिघडू शकतो. फायझरच्या मूळ, जांभळ्या टोपणाच्या कुपीत ०.४५ मिली दाट द्रव असायचा. त्यात ०.९ टक्के सलाईन १.८ मिली घालायचं, कुपी दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची, हलवून घुसळायची नाही. मग प्रत्येकी ०.३ मिली. सुईच्या बुडाशी कमी द्रव अडकणारी सिरिंज असेल तर सहा डोस निघत, साधी असेल तर पाचच. दोन कुप्यांच्या तळाशी उरलेला द्रव एकत्र करून डोस भरायचा नाही, आणि सलाईन घातल्यापासून सहा तासांत कुपी संपवायची. सलाईन जास्त पडलं तर डोस कमी ताकदीचा व्हायचा. घालायचंच राहिलं तर पाच पट दाट लस दंडात जायची. सुई आखूड असेल तर लस स्नायूऐवजी चरबीत राहते. जाड दंडासाठी लांब सुई मागून घ्यायला संकोच करू नये.

दुसरा डोस लांबला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला तेवढा घ्यायचा. ताप आला नाही म्हणजे लस लागली नाही, असंही नाही. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी मात्र वरचे दिवस स्वतःला लावू नयेत. त्यांना प्राथमिक क्रमातच तिसरा डोस लागतो.

लस लागली का हे बघायला रक्ततपासणी केलीत, तर आधी प्रयोगशाळेला विचारा की अँटीबॉडी कशाविरुद्धची मोजणार. तपासणी न्यूक्लिओकॅप्सिड या विषाणूच्या आतल्या प्रथिनाची असेल तर फायझर, मॉडर्ना, अ‍ॅस्ट्राझेनेका किंवा जॉन्सन घेतलेल्या, पण कोविड कधीच न झालेल्या माणसाचा अहवाल निगेटिव्हच येईल, कारण या लसी फक्त काटेरी प्रथिन शिकवतात. काटेरी प्रथिनाचीच तपासणी मागा, तीही दुसऱ्या डोसनंतर दोन आठवडे उलटल्यावर.