लिंकमधून आयडी काढायचाय: रेगेक्स घ्यायचं की यूआरएल पार्सर?

यूट्यूब व्हिडिओचा ११ अक्षरांचा आयडी किंवा एक्सवरच्या पोस्टचा लांबलचक नंबर काढायचा म्हटलं की हात आधी रेगेक्सकडेच, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधणाऱ्या पॅटर्नकडेच जातो, माझाही जायचा. आता दोन्ही भरपूर वापरून झालंय आणि माझं मत पक्कं आहे, लिंक तुमच्यापर्यंत कशी येते त्यावर ठरवा.

फॉर्मच्या रकान्यात एकच लिंक येत असेल तर सरळ पार्सर, म्हणजे लिंकचे भाग सुटे करून देणारं तयार साधन घ्या, पायथनमध्ये यूआरएललिब, जावास्क्रिप्टमध्ये यूआरएल क्लास. यूट्यूबच्या लिंकमध्ये आयडी ज्या नावाने येतो तो 'व्ही' कधी प्रश्नचिन्हाला लागूनच येतो तर कधी प्लेलिस्टच्या 'लिस्ट'नंतर, पार्सरला काही फरक पडत नाही, नाव सांगितलं की व्हॅल्यू मिळते. रेगेक्समध्ये त्या सगळ्याची सोय आपणच करायची. आणि डोमेन! 'एक्स डॉट कॉम' शोधणारा पॅटर्न सुरुवातीला मोकळा सोडला तर नेटफ्लिक्स डॉट कॉमही त्यात बसतं, शेवटी एक्सच आहे ना. पार्सर होस्ट, म्हणजे साइटचं नाव, वेगळा काढून देतो, मग अख्खं नाव तपासता येतं.

पार्सरची कटकट एवढीच की लोक सुरुवातीचं एचटीटीपीएस गाळून पेस्ट करतात, मग पायथन होस्ट रिकामा देतं आणि जावास्क्रिप्ट एरर फेकतं, म्हणून ते आधी जोडून घ्या. शॉर्ट्स, लाइव्ह, एम्बेडमध्ये आयडी पाथमध्ये, म्हणजे साइटच्या नावापुढच्या तिरप्या रेघांच्या भागात असतो, तिथे दोन-चार इफ (अटी) लिहावेच लागतात.

पण व्हॉट्सॲप ग्रुपचा एक्सपोर्ट केलेला चॅट समोर असेल तर रेगेक्सशिवाय भागत नाही, गप्पांमधून लिंक हुडकायला तेच लागतं. मी पायथनमध्ये आयडीसाठी बॅकस्लॅश डब्ल्यू (कोणतंही अक्षर, आकडा किंवा अंडरस्कोअर) आणि पुढे प्लस (एक किंवा जास्त वेळा) लिहिलं होतं, कुणीतरी लिंकला चिकटूनच 'बघा' टाइप केलेलं, आणि आयडीच्या शेपटीला 'बघ' लागून आलं! तिथे डब्ल्यूमध्ये देवनागरी अक्षरंही येतात, काना मात्र येत नाही, म्हणून तो बाहेर राहिला. तेव्हापासून इंग्रजी ए ते झेड लहान-मोठी, ० ते ९, अंडरस्कोअर, हायफन आणि बरोब्बर ११, असंच लिहितो.

माझ्या कोडमध्ये आता रेगेक्स लिंक शोधतं, पार्सर ती फोडतो, आणि आयडीची शेवटची तपासणी पुन्हा छोट्या रेगेक्सने. ट्विटरचं २०२३ मध्ये एक्स झालं तरी जुन्या लिंका फिरतातच, त्यामुळे होस्टच्या यादीत दोन्ही नावं ठेवा. त्या पोस्टचा नंबर स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणूनच साठवा, १९ आकडी नंबर जावास्क्रिप्टला साध्या नंबरमध्ये अचूक धरता येत नाही, शेवटचे आकडे बदलतात. आणि टी डॉट को सारख्या आखूड लिंकमध्ये आयडी नसतोच, तिथे ती लिंक पुढे जिथे पाठवते तो रीडायरेक्ट आधी फॉलो करून खरी लिंक मिळवावी लागते.