हालस ते मशिन, हात नही

परवा अडावदकडचा एक शेतकरी साडेसात एचपीची जळालेली मोटार घेऊन दुकानात आला. मी मोटार खोलत होतो तेवढ्यात त्याने खिशातून घडी घातलेलं पत्रक काढलं. म्हणाला, "आमच्या मोठ्या भावाला लकवा मारलाय. तुम्ही तुमच्या आबांना असंच काहीतरी मशिन घेतलं होतं ना? कसं आहे हे?" पत्रकावरचं कंपनीचं नाव वेगळं होतं, मोबाइल नंबरही वेगळा. पण काळा हातमोजा घातलेल्या हाताचा फोटो तोच, आणि खाली "लकवा ९० दिवसांत ९० टक्के बरा, लेखी हमी" ही ओळही तीच. त्याला जे तोंडी सांगितलं तेच इथे लिहितोय.

चोपडा तालुक्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं कॉइल भरतोय. विकणाऱ्याने सांगितलेली मोटार आणि आतली मोटार यांत किती फरक असतो, ते मी रोज बघतो. म्हणून तर मीच फसलो याचं जास्त लागतं.

गेल्या पौषात रात्रपाळीची लाइट होती. आबा, म्हणजे माझे वडील, केळीला पाणी धरून पहाटे घरी आले, माय चहा द्यायला गेली, तर कप हातातून निसटला. मायला वाटलं थंडीने हात आखडला. तिने तेल गरम करून चोळलं, शेक दिला. तोंड वाकडं झालेलं उजाडल्यावर दिसलं. जळगावला पोचेपर्यंत दुपार झाली. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी आहे, ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमचे ते तास तेल चोळण्यात गेले होते. त्यात कोणी फसवलं नव्हतं, आम्हालाच माहीत नव्हतं.

नऊ दिवसांनी घरी आणलं. उजवा हात आणि पाय लुळे, वाचाही गेलेली. एकच शब्द शिल्लक राहिला होता : "लाइट". पाणी पाहिजे तरी लाइट, संडासला जायचं तरी लाइट, नातवाला जवळ बोलवायचं तरी लाइट. आयुष्यभर शेतकऱ्याने ज्याची वाट पाहिली तोच शब्द मेंदूने ठेवला, असं माझा शालक म्हणायचा. आम्ही हसायचो, मग गप्प व्हायचो.

तालुक्याच्या एक फिजिओ मॅडम आठवड्यातून तीनदा घरी यायच्या. एका वेळचे चारशे रुपये. त्यांच्याकडे मशिन नव्हतं. खाटेवर बसवून त्या आबांना उजव्या हाताने वाटीकडे सरकायला लावायच्या, शंभर वेळा, दीडशे वेळा. बघणाऱ्याला कंटाळा यावा असं ते काम. दीड महिन्यात अंगठा थोडा आत वळू लागला. मॅडम त्या अंगठ्यावर एवढ्या खूश झाल्या की मला वाटलं, एवढ्याशा अंगठ्याने काय होणार? त्या वेळी मी घाईत होतो, आणि नेमका तेव्हाच हा गळ पडला.

पेपरात टाकलेल्या पत्रकावरून आम्ही शिबिराला गेलो. मंगल कार्यालयात स्टेज, मागे परदेशी पेशंटचे मोठे फोटो, पांढरे कोट घातलेली चार पोरं. एकमेकांना "डॉक्टर" म्हणत होती. नोंदणी क्रमांक कोणाच्या कोटावर नव्हता, आणि विचारायचं मलाही सुचलं नाही. पेसमेकर बसवलाय का, झटके येतात का, हातावर स्पर्श कळतो का, असं काही न विचारता ते ओळीने पेशंट बसवत गेले. आबांच्या कोपराखाली दोन चिकट पॅड लावले, डब्यावरचं बटण फिरवलं आणि मनगट वर येऊन दोन महिने मिटलेली मूठ उघडली. मायच्या तोंडून शब्द फुटेना. माझेही डोळे भरले. पोरगा माइकवर म्हणाला, "बघा, नस जिवंत आहे! फक्त झोपली आहे."

आता सांगतो काय झालं होतं. आमच्या धंद्यात याला डायरेक्ट करणं म्हणतात. स्टार्टर जळाला की शेतकरी घाईत वायरी परस्पर जोडतो, मोटार फिरते, पाणी येतं. स्टार्टर मात्र जळालेलाच असतो. लकव्यात हाताची नस आणि स्नायू मुळात धड असतात, नुकसान मेंदूत झालेलं असतं. बाहेरून करंट दिला की मनगट वर येणारच. पहिल्या दिवशीही आलं असतं. मेंदूची दुरुस्ती झाल्याचा तो पुरावा नव्हे. दुकानात दिवसातून चार वेळा मी गिऱ्हाइकाला हे समजावतो, आणि त्या स्टेजसमोर बापाची मूठ उघडताना बघून मला ते आठवलं नाही.

पॅकेज १,४२,००० रुपयांचं. त्यात हवेवर चालणारा "रोबोटिक" हातमोजा, करंटचा डबा, एक टॅब, आणि टॅबमधलं अ‍ॅप "कृत्रिम बुद्धिमत्तेने" रोज हाताची ताकद मोजणार. एवढे पैसे नाहीत म्हटल्यावर त्यांच्यातलाच एकजण खुर्ची सरकवून बसला. "दादा, २२,००० आता द्या, बाकीचं शून्य टक्क्याने." आधार, पॅन, एक सेल्फी आणि मोबाइलवर आलेला ओटीपी. तो आकडा मीच वाचून दाखवला. मला वाटलं हप्ते कंपनीला जाणार. खरं म्हणजे माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं १,२०,००० रुपयांचं कर्ज उभं राहिलं, पैसे त्याच दिवशी विकणाऱ्याला गेले, आणि दर महिन्याला १०,००० फेडायचं ते माझ्यामागे लागलं. मशिन चालो न चालो, विकणारा राहो न राहो, हप्ता चुकत नाही. यापुढे शिबिरातल्या टेबलावर कोणी ओटीपी मागितला तर उठून चहा प्यायला जायचं, एवढं मी शिकलो.

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला पैशांपेक्षा महाग पडली. "हाताने करायचा व्यायाम आता बंद. मशिन आणि फिजिओ एकत्र केलं की मेंदू गोंधळतो." मॅडमना मी फोनवरच नको म्हणून सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मशिन वापरा, पण आबांना स्वतः प्रयत्न करू द्या. मला महिन्यातून एकदा तरी दाखवा." मी हो म्हटलं आणि दाखवलं नाही. लकव्यानंतरचे पहिले तीन महिने सगळ्यात जास्त सुधारणेचे असतात. त्यातला शेवटचा महिना आबा खाटेवर बसून हातमोज्याला आपला हात उघडू-मिटू देत होते आणि टीव्ही बघत होते.

टॅबवर मात्र प्रगती जोरात होती. पहिल्या दिवशी २१ टक्के, पंधरवड्याने ३४, मग ४८. रोज संध्याकाळी मी आकडा वाचून दाखवायचो. आबा मान हलवायचे, "लाइट". माय काही बोलायची नाही. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "भाऊ, हालस ते मशिन, हात नही." मी चिडलो. आकडा दाखवला. तिला आकडे वाचता येत नाहीत, म्हणून तिला कळत नाही, असं मला वाटलं. आता उलटं वाटतं.

करंटच्या पॅडने आबांच्या हातावर दोन लाल चट्टे पडले, एकाला पाणी सुटलं. त्यांना तिथे नीट स्पर्शच कळत नव्हता, म्हणून त्यांनी हात मागे घेतला नाही. फोन केला तर उत्तर, "रक्तपुरवठा वाढतोय, चांगलं लक्षण आहे."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहीण पोरांना घेऊन माहेरी आली. बाहेर झोक्यावर गाणी चाललेली, आबांना ओसरीत नेऊन बसवलेलं. आत तिच्या धाकट्याने हातमोजा चालू करून खाटेवर टाकून दिला होता. मी गेलो तेव्हा मोजा एकटाच फुगत होता, मिटत होता, आत कोणाचाच हात नव्हता. टॅब बघितला. सकाळी ६१ टक्के होतं. आता ६३.

मी हातमोज्याचा डबा दुकानात नेला आणि खोलला. आत हवेचा एक छोटा पंप, दोन व्हॉल्व्ह, लिथियमचे सेल, एक सर्किट बोर्ड. बोटांकडे जाणाऱ्या फक्त हवेच्या नळ्या. बोटांकडून परत येणारी एकही वायर नाही. बोटाने किती जोर लावला ते मोजायला काहीतरी उलटं यायला हवं ना? अँपिअर मीटरच नसलेल्या पॅनलवर कोणी अँपिअर सांगितले तर मी त्याला दुकानातून हाकलीन. अ‍ॅप फक्त मिनिटं मोजत होतं आणि त्याला टक्के म्हणत होतं. असाच हातमोजा ऑनलाइन आठ-नऊ हजारांना मिळतो, हे शालकाने पाच मिनिटांत शोधून दाखवलं.

मग तोंड लपवत मॅडमकडे गेलो. त्यांनी मला एक शब्द बोलला नाही, तेच जड गेलं. एक मात्र त्यांनी नीट समजावलं, की यंत्रं खोटी नाहीत. मी नंतर वाचलं तर करंटची गोष्ट जुनी निघाली. १९६१ मध्ये लिबरसन नावाच्या डॉक्टरने पाय घासत चालणाऱ्या लकव्याच्या पेशंटसाठी बुटात टाचेखाली स्विच बसवला : टाच उचलली की करंट जातो, पाऊल वर येतं, टाच टेकली की बंद. एखाद्या वायरमनला सुचावी अशी ही युक्ती. पण तिथे करंट पेशंटच्या चालीला जोडलेला आहे. मॅडमही आता आबांना कधी कधी करंट देतात. तेव्हा आबांनी त्याच क्षणी स्वतः मनगट उचलायचं असतं, नाहीतर नुसता स्नायू नाचतो.

रोबोटचंही तसंच. मोठ्या इस्पितळांतल्या यंत्रात पेशंटचा जोर मोजणारे सेन्सर असतात, आणि जेवढं कमी पडेल तेवढीच मदत यंत्र करतं. तरीसुद्धा ब्रिटनमध्ये ७७० पेशंटवर केलेल्या, २०१९ मध्ये छापून आलेल्या चाचणीत असल्या रोबोटने हाताच्या कामात नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. त्याआधी २०१६ मध्ये १४१ पेशंटची एक चाचणी छापून आली. तिथे अर्ध्या लोकांना व्हिडिओ गेम दिला, अर्ध्यांना पत्ते, चेंडू असले साधे खेळ. दोघांची सुधारणा सारखीच. हे ऐकून मी मॅडमना विचारलं, "म्हणजे माझ्या दीड लाखात पत्त्यांचे किती जोड आले असते?" तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

तक्रारीचं सांगतो. पोलीस म्हणाले, मशिन तर मिळालंय तुम्हाला, फसवणूक कशी लिहू? नव्वद दिवस भरायच्या आधीच कंपनीचा फोन बंद. "लेखी हमी"चा कागद नीट वाचला तर त्यात "नियमित वापर व पेशंटच्या प्रतिसादावर अवलंबून" असं मुंगीएवढ्या अक्षरात होतं. एका वकिलाने पत्रकच हातात घेतलं आणि म्हणाला, हे जपून ठेव. १९५४ चा एक कायदा आहे, चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींचा, त्यात दिलेल्या रोगांच्या यादीत पक्षाघात आहे. तो बरा करण्याची जाहिरात करणं हाच गुन्हा. त्यानेच जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करून दिला. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पावती, पत्रक, हप्त्यांचे मेसेज, आणि रिकाम्या हातमोज्याने टक्के वाढतानाचा व्हिडिओ मी जोडला. तो व्हिडिओ मी त्याच आखाजीच्या संध्याकाळी काढला होता. ती एवढी एकच अक्कल मी दाखवली.

अडावदच्या त्या माणसाला मी म्हटलं, शिबिराला जायचंच तर जा, पण तीन गोष्टी कर. समोरच्याला फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचार. डबा उलटा करून त्यावर उत्पादकाचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक आहे का बघ. आमच्या डब्यावर फक्त एक चकचकीत स्टिकर होतं. आणि मूठ उघडली की टाळ्या वाजवू नको. मशिन बंद करायला सांग आणि भावाला म्हण, आता तू उघड.

तो म्हणाला, "आणि नाही उघडली तर?"

"तर मॅडमचा नंबर देतो."

आबांचं म्हणाल तर मनगट आता स्वतःहून चार बोटं वर येतं. तेवढं आल्यावर मॅडमनी दिवसातले काही तास डाव्या हातात मोजा घालायला सांगितला, लोकरीचा, थंडीचा साधा. म्हणजे उजव्याला काम करावंच लागतं. डावा बांधला की आबा रागावतात, "लाइट! लाइट!" ओरडतात, मग ताटलीतला शेंगदाणा उजव्या हाताने उचलायला बसतात. दहातले सहा पडतात. पडलेले नातू खातो.

कर्जाचे नऊ हप्ते गेले, तीन बाकी आहेत. आयोगाची पुढची तारीख संक्रांतीनंतरची आहे.