नौपाड्यातला सॅफोचा वर्ग: चाल पक्की, टिपणात गफलत

प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफोच्या कवितांच्या, चार शनिवारांच्या या वर्गाला ग्रीक येण्याची अट नाही, इंद्रवज्रा हे वृत्त म्हणता आलं की पुरे. अट नेमकी आहे. सॅफोच्या प्रसिद्ध कडव्यात ११ अक्षरांच्या ३ ओळी आणि शेवटी ५ अक्षरांची एक. मोठ्या ओळीचे गण र त ज ग ग, इंद्रवज्रेचे त त ज ग ग. दुसऱ्या-तिसऱ्या अक्षराची अदलाबदल केली की इ.स.पू. ६०० च्या सुमारासची तिच्या लेस्बॉस बेटाची चाल हाती येते! चौथं अक्षर लघुही चालतं. छोटी ओळ भ ग ग. पहिला सबंध तास बाई फक्त टाळीवर म्हणून घेतात, आणि तेच योग्य आहे. इंग्रजी भाषांतरातून येणाऱ्याला लघु-गुरूचा हा भेद कानाने कळतच नाही.

घोटाळा झेरॉक्स टिपणात आहे. देवनागरीत ओ नेहमी गुरू. ग्रीकमध्ये ऱ्हस्व ओ वेगळा. प्रेमदेवता अफ्रोदितेच्या स्तोत्राची पहिली ओळ अशी तोडायला हवी: पॊइ-कि-लॊ-थ्रॊ-ना-थ-न-त-फ्रॊ-दी-त. इथे थ्रॊ आणि फ्रॊ लघु आहेत, लॊ मात्र पुढच्या थ्रमुळे गुरू, अगदी आपल्या जोडाक्षराच्या नियमाने. टिपणात सगळीकडे साधा ओ छापलाय, त्यामुळे नववं अक्षर गुरू होऊन ज गण मोडतो आणि ओळ अडखळते. ऱ्हस्वासाठी ऒ वापरला की प्रश्न मिटेल. तोवर पेन्सिलीने खूण करून घ्या. आणि फ, थ हे फळ-थंडीतलेच म्हणा, इंग्रजी उच्चार नकोत.

चरित्राचा तास लहान आहे, ते बरंच. कड्यावरून उडी मारल्याची कथा दंतकथा म्हणूनच सांगतात. अलेक्झांड्रियात तिच्या कवितांची पुस्तकं रचून ठेवली होती. आज उरल्यात जेमतेम साडेसहाशे ओळी, आणि अफ्रोदितेचं २८ ओळींचं स्तोत्रच काय ते नक्की पूर्ण. इजिप्तच्या ऑक्सिरिंखसच्या उकिरड्यातले पपायरसचे (प्राचीन कागदाचे) तुकडे आणि २००४ मध्ये उजेडात आलेली म्हातारपणावरची कविता यांना आणखी अर्धा तास द्यायला हवा होता.

शेवटच्या शनिवारी तिच्या उरलेल्या कवितांपैकी ३१ वा तुकडा असतो. तिसऱ्या ओळीनंतर श्वास घेऊ नका. पहिल्याच कडव्यात ‘फोनेइसास्’ हा शब्द मधोमध फुटतो, ‘फोनेइ’वर मोठी ओळ संपते आणि ‘सास्’वर छोटी सुरू होते. इथे थांबलात तर शब्दच तुटतो.