ज्येष्ठांना आधी बोलवायचं की शेवटी? ऑनलाइन अभ्यासक्रम बनवणाऱ्यांसाठी एक तुलना

मोबाइलवरून बिल कसं भरायचं, डॉक्टरांची वेळ कशी घ्यायची, फसवे मेसेज कसे ओळखायचे, असं काही ज्येष्ठांना शिकवणारा ऑनलाइन अभ्यासक्रम बनवायला तुम्ही घेतला असेल, तर एक निर्णय लवकर घ्यावा लागतो. ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे त्यांना कामात कधी घ्यायचं आणि किती? मुख्य वाटा दोन. आधी बनवायचं आणि मग त्यांच्याकडून तपासून घ्यायचं, किंवा सुरुवातीपासून त्यांना सोबत घेऊनच बनवायचं.

पहिली वाट स्वस्त आणि आखीव. तयार धडा समोर ठेवायचा, एखादं काम सांगायचं, मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा म्हणायचं आणि आपण तोंड बंद ठेवून बघायचं. संकेतस्थळं आणि अॅप वापरायला सोपी कशी करावीत याचे जाणकार याकोब निल्सन यांनी 2000 साली मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे: 5 जणांच्या चाचणीत वापरातल्या सुमारे 85 टक्के अडचणी सापडतात. म्हणून 15 जणांची एकच मोठी चाचणी घेण्यापेक्षा 5-5 जणांच्या तीन फेऱ्या घ्या आणि मधल्या काळात दुरुस्त्या करा, असं ते सांगतात. सल्ला चांगलाच आहे. फक्त हा हिशेब साधारण एकसारख्या वापरकर्त्यांचा आहे, हे विसरलं जातं. वर्षानुवर्षं संगणकावर काम करून नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ आणि हात थरथरणाऱ्या, एका डोळ्याने कमी दिसणाऱ्या पंच्याऐंशीच्या आजी, या दोघांना ‘ज्येष्ठ’ या एकाच रकान्यात घातलं की गणित कोलमडतं.

चाचणीची खरी मर्यादा मात्र वेगळी आहे. तुम्ही विचारलं तेवढ्याचंच उत्तर ती देते. पहिला धडा ‘ईमेल खातं उघडा’ असा असेल, तर खातं उघडता येतं की नाही एवढं कळेल. समोरच्या माणसाला ईमेल नकोच होतं, चुकीचं बटण दाबलं तर पैसे जातील या धास्तीने त्याने फोनला हात लावणं सोडलंय, हे त्यात कुठेच उमटत नाही. त्याच्यासाठी पहिला धडा ‘इथून मागे कसं यायचं’ हा हवा होता. शिवाय चकचकीत, तयार झालेली गोष्ट पुढे आली की माणसं संकोचतात. ‘छान आहे हो तुमचं, मलाच जमत नाही’ हे वाक्य प्रत्येक चाचणीत ऐकायची तयारी ठेवा. त्याला शाबासकी समजू नका.

सोबत घेऊन बनवण्याची पद्धत स्कँडिनेव्हियातून आली. कामाच्या जागी संगणक येऊ लागले तेव्हा, 1970 च्या दशकात, तिथल्या कामगार संघटनांनी रचनेत आपलाही शब्द असावा असा आग्रह धरला. 1981 साली सुरू झालेल्या ‘युटोपिया’ प्रकल्पात तर छपाई कामगारांनी पुठ्ठ्याच्या खोक्यांची यंत्रं मांडून आपलं भावी काम करून पाहिलं. ज्येष्ठांबरोबर ही युक्ती आजही उत्तम चालते. कागदावर पेनाने काढलेला मोबाइलचा पडदा कोणाच्या कष्टाचा वाटत नाही, त्यामुळे लोक बिनधास्त खोडतात, उलटसुलट करतात, ‘हे कशाला?’ म्हणून विचारतात.

याची किंमतही मोजावी लागते. वेळ काही महिन्यांत जातो. कोणी आजारी पडतं, कोणाला कोणी सोबत घेऊन यावं लागतं. प्रवासखर्च आणि मानधन अंदाजपत्रकात आधीच धरा. बडबड्या दोघातिघांपुढे बाकीचे गप्प होतात, तेव्हा बैठक चालवणारा माणूस कसलेला हवा. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही: चार-पाच बैठकांनंतर ही मंडळी नवशिकी राहत नाहीत. शेवटची चाचणी त्यांच्यावरच घेतलीत तर निकाल गोड येईल आणि खोटाही.

ज्येष्ठांची सल्लागार समिती नेमणं हा मधला मार्ग अनेकांना सोयीचा वाटतो. मला वाटत नाही. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी 1969 साली त्याची 8 पायऱ्यांची शिडी मांडली, तीत नुसतं विचारून घेणं आणि सल्ला मागणं या पायऱ्या दिखाऊ सहभागात मोडतात. निर्णय बदलण्याचा अधिकार नसलेली समिती तिथेच बसते.

कोणतीही वाट घेतलीत तरी आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी शोधायला ज्येष्ठांचा वेळ घालवू नका. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांत किमान 4.5:1 उठाव (म्हणजे उजळपणातला फरक), मजकूर 200 टक्क्यांपर्यंत मोठा करता येणं, स्पर्शाची जागा किमान 24 पिक्सेल, हे सगळं वेब सुगम्यतेच्या, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही संकेतस्थळ वापरता यावं यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांत लिहून ठेवलंय. ते पाळा आणि मगच माणसांना बोलवा.

बोलवायचं कोणाला, इथे दोन्ही वाटा सारख्याच घसरतात. ऑनलाइन फॉर्म भरून आलेले ज्येष्ठ म्हणजे ज्यांना तुमच्या अभ्यासक्रमाची गरज सगळ्यात कमी ते. बाकीच्यांपर्यंत वाचनालय, दवाखाना, घरी येणारी मदतनीस यांच्यामार्फत, तोंडी निरोपानेच पोहोचावं लागतं.

विषय ठरलेत, धडे तयार आहेत आणि हाताशी थोडेच आठवडे आहेत, तर चाचणी घ्या, छोट्या फेऱ्यांत. पाटी अजून कोरी असेल, तर माझं मत असं: काय शिकवायचं आणि कोणत्या क्रमाने, एवढं ज्येष्ठांसोबत बसून ठरवा, तो निर्णय खरोखर त्यांच्या हाती द्या. बांधणी जाणकारांवर सोपवा आणि तपासणीला पूर्ण नवी माणसं आणा. अभ्यासक्रम सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या धड्यानंतर जे फिरकत नाहीत, ते या कोणत्याच पद्धतीच्या जाळ्यात येत नाहीत. त्यांना फोन करून विचारायला एक माणूस ठेवा.